घराचं माप सातबाऱ्यावर?

भूकंपानं कुणाचा सातबारा पाहिला नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंती कोसळल्या, त्या मालकावरही आणि सालगड्यावरही. सातबारा पाहिला तो सरकारनं. नव्या गावठाणात भूमिहीनाला आणि हेक्टरभर शेतीवाल्याला २५० चौरस फुटांचं घर, सात हेक्टरांपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. खायची तोंडं किती, हे कुणी विचारलंच नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्याला हा हिशेब ओळखीचा आहे. इथं भूकंप झाला नाही, गोसीखुर्द धरण झालं. १९८८ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, २००९ला प्रकल्प राष्ट्रीय झाला. वैनगंगेचं पाणी चढत गेलं, तशी गावं उठली. राज्याच्या पुनर्वसन कायद्यात पाच जणांच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटरचा भूखंड. बिगरशेतकरी असाल तर १८५. अर्धा! माणसं दोन्हीकडे पाचच. ढिवराची, म्हणजे मासेमाराची, शेती म्हणजे नदी. ती नदीच अडवली, आणि वर सांगितलं, तुला शेती नाही. जाळी वाळवायला, शेळी बांधायला त्याला अंगण लागत नाही का?

लातूर-उस्मानाबादला भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात मात्र वेगळं घडलं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेसोबत गावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. बांधकामातलं कळू लागलं, हप्त्याचे पैसे कशावर लागतात हे त्या विचारू लागल्या. जी बाई त्या घरात राहणार, तिला विचारून घर बांधायला भूकंपाची वाट का पाहावी लागते?

गोसीखुर्दचे प्रकल्पग्रस्तही गप्प बसले नाहीत. मोर्चे, धरणे आंदोलनं, पाण्यात उभं राहून सत्याग्रह. सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज २०१३ला मिळालं, ते वर्षानुवर्षांच्या या लढ्यानंतर. त्यांना ‘विकासाच्या आड येणारे’ म्हणणाऱ्यांनी एकदा पुनर्वसित गावठाणात मुक्काम करावा आणि नियमानं द्यायच्या अठरा नागरी सुविधा मोजून दाखवाव्यात.

आता पुढच्या प्रकल्पाआधी एवढं करा. भूखंडाची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. मोजणीच्या टेपचं एक टोक गावच्या बाईच्या हाती द्या. आणि बिगरशेतकऱ्यासाठीचं ते अर्धं माप कायद्यातून खोडा.