थोडं पुढे, बाळ!

आमच्या भागात शालेय सॉफ्टबॉलचा सामना असला, की होमप्लेटच्या मागे कोण उभं राहणार हे कुणी विचारत नाही. सर येतात. निवृत्त क्रीडाशिक्षक, पंचगिरीतून मात्र निवृत्त व्हायला अजिबात तयार नाहीत. निळा शर्ट, राखाडी पँट, पोटाशी जेमतेम तडजोड केलेला चेस्ट प्रोटेक्टर, कमरेला चेंडूंची पिशवी, खिशात छोटा ब्रश. आणि चष्मा. तो मास्कच्या आत ठेवायचा की बाहेर, याचा निकाल गेली कित्येक वर्षं लागलेला नाही. पंचाच्या चष्म्यावर पालक जे बोलायचं ते बोलतातच.

मी स्कोअर लिहायला जाळीमागच्या टेबलावर बसतो. त्यामुळे सामना मला निम्मा दिसतो आणि सरांचं बोलणं मात्र पूर्ण ऐकू येतं.

सामन्याआधी सर प्लेट झाडतात. मैदानाकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड. वाकताना आपली मागची बाजू प्रेक्षकांना दाखवायची नाही, हा पंचांचा जुना शिष्टाचार. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून आलेले चार पालक आणि एक चहावाला. तरी शिष्टाचार तो शिष्टाचार. मग सर मास्क चढवतात, खाली बसलेल्या कॅचरकडे बघतात, आणि अख्खं मैदान ज्याची वाट बघत असतं ते वाक्य येतं.

“थोडं पुढे, बाळ.”

बाळ म्हणजे नववीतली एखादी मुलगी. तिच्या कानाजवळून बॅट फिरणार असते, म्हणून ती शहाण्या माणसासारखी दोन फूट मागे बसलेली असते.

“सर, बॅट लागेल.”

“नाही लागत. हात लांब कर. बॅटरच्या मागच्या कोपराला बोटं लागता लागता राहिली पाहिजेत. हां. आता बस.”

मग शिकवणी सुरू. पिचर तिकडे हात हलवत उभी, बॅटर इकडे ताटकळत, आणि सर कॅचरला सांगताहेत: “अगं, स्ट्राइक कुठे ठरतो? प्लेटवर. सतरा इंचाची प्लेट, तिच्यावर काखेपासून गुडघ्यापर्यंतची हवा. तुझ्या ग्लोव्हमध्ये नाही ठरत. चेंडू प्लेटवरून गुडघ्याच्या उंचीनं आला आणि तू मागे बसलीस, तर तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर तो मातीला टेकणार. मी स्ट्राइक दिला की ते काका ओरडणार, ‘पंच, डोळे तपासा!’ बरं, तू मागे म्हणजे मीही मागे. मग मला काय दिसणार?”

हे सगळं खरंच आहे. मोठ्या मुलींच्या खेळात पिचर 43 फुटांवरून टाकते, आणि क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जड चेंडू पापणी लवायच्या आत येतो. कॅचर हातभर इकडेतिकडे झाला तर पंचाला अंदाजपंचे दाहोदरसे करावं लागतं. पण हे प्रत्येक डावात सांगायलाच हवं का? सरांच्या मते हवं. डाव सातच तर असतात.

एकदा गंमत झाली. सरांनी एकीला “थोडं पुढे, थोडं पुढे” करत इतकं पुढे आणलं, की पुढच्याच चेंडूला बॅट तिच्या ग्लोव्हला घासून गेली. कॅचरचा अडथळा. सरांनी क्षणाचा विलंब न लावता बॅटरला पहिला बेस दिला. कॅचरच्या संघाचे प्रशिक्षक धावत आले. “अहो, तुम्हीच बसवलंत ना तिला पुढे!”

“मी सांगितलं,” सर शांतपणे म्हणाले, “बसली ती. वीतभर जास्त बसली.”

स्कोअरशीटवर ते लिहिताना माझा पेन हलत होता.

पुढे-मागे झालं की डावं-उजवं. सर बॅटर आणि कॅचर यांच्या मधल्या फटीतून बघतात. हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा दंडक. त्या फटीला ते ‘माझी खिडकी’ म्हणतात. कॅचर बॅटरच्या बाजूला सरकली की खिडकी बंद. “खिडकी सोड गं माझी!” हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्या पाहुण्या संघाचे चेहरे बघण्यासारखे असतात. रनर दुसऱ्या बेसकडे पळाली की थ्रो करायच्या घाईत कॅचर चेंडू यायच्या आधीच उभी राहते, तेव्हाही तेच. “मला चेंडू बघू दे, मग काय उठायचं ते ऊठ!”

आणि ग्लोव्ह ओढणाऱ्यांवर तर सरांचा विशेष राग. बाहेर गेलेला चेंडू पकडायचा आणि हळूच ग्लोव्ह प्लेटवर आणून निरागस चेहऱ्यानं बसायचं. “ओढलास ना? म्हणजे बॉल होता, हे तूच मला सांगितलंस. पकडलास तिथेच धरला असतास तर मी विचार तरी केला असता.”

ही खिडकी सरांबरोबर मैदानाबाहेरही फिरते. मागे एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आम्हा सगळ्यांना फक्त व्हिडिओवाल्याची पाठ दिसत होती. आम्ही सोसत होतो. सर उठले, त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला अलगद डावीकडे ठेवला, आणि मुलीचा मामा व भटजी यांच्या मधल्या फटीत गुडघे किंचित वाकवून उभे राहिले. अंतरपाट खाली आला तेव्हा त्यांचा उजवा हात आपसूक वर गेल्याचं मी पाहिलं आहे. घरी मात्र खिडकी चालत नाही. काकू टीव्हीसमोर भाजी निवडायला बसल्या आणि सर “जरा पुढे” म्हणाले, की काकू मान न वळवता म्हणतात, “तुम्हीच सरका.” सर सरकतात.

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 साली शिकागोत एका बोट क्लबाच्या बंद दालनात झाला. बॉक्सिंगचा ग्लोव्ह हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. हे सर प्रत्येक नव्या मुलीला सांगतात. तेव्हा कॅचर नेमका कुठे बसला होता हे कुणी सांगत नाही, याची हळहळही सांगतात.

एवढं सगळं असूनही कॅचर मुली सरांना टरकत नाहीत, कारण त्यांनी दुसरंही काही बघितलेलं असतं. गेल्या हंगामात बॅटची कड लागून उडालेला चेंडू एकीच्या गळपट्टीवर बसला. मुलगी उठली नाही, रडलीही नाही, नुसती ओठ आवळून बसून राहिली. सरांनी टाइम दिला, पुढे आले आणि प्लेट झाडू लागले. प्लेट स्वच्छ होती. तरी आधी कडा, मग कोपरे, मग पुन्हा कडा. बाहेरून एक पालक ओरडले, “सर, रंग जाईल तिचा!” सर झाडत राहिले. मुलीनं हेल्मेट नीट केलं, नाक ओढलं आणि “हं” म्हणाली, तेव्हा कुठे ब्रश खिशात गेला. चारच चेंडूंनंतर एक चेंडू सरांच्या मांडीवर आदळला, तर हीच मुलगी टाइम मागून पिचरकडे गेली आणि काहीतरी खूप महत्त्वाचं बोलत असल्याचा अभिनय करत तिथेच रेंगाळली. हे तिला कुणी शिकवलं, ते विचारायला नको.

यंदा एका सामन्याला पंच म्हणून सरांचीच एक जुनी कॅचर आली. सर आयुष्यात प्रथमच जाळीमागे, माझ्या शेजारी. पहिला चेंडू पडायच्या आत “थोडं पुढे, बाळ!” सुरू झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा तिनं मास्क काढला, चालत जाळीपाशी आली आणि म्हणाली, “सर, बाहेरून सूचना नकोत. ही ताकीद. आणि जाळीपासून मागे बसा.”

सर खुर्ची उचलून मागे गेले. चहावाल्याला म्हणाले, “मला ताकीद दिली. बरोबर दिली. अशीच द्यायची असते.” अर्धा कप संपेपर्यंत गप्प होते. मग माझ्या कानाशी वाकून हळूच: “हनुवटी मात्र इंचभर खाली जातेय हं तिची. डाव संपला की सांग तू. मी सांगितलं म्हणू नकोस.”