नर, मादी आणि तात्यांचा ऊस

आमच्या केम गावात उंचावरून पाणी पडताना दिसतं ते फक्त टाकी भरून वाहायला लागली की. तेही दोन मिनिटं. तेवढ्यात सगळी आळी ओरडते, ‘आरं, मोटार बंद करा!’ त्यामुळे नळदुर्गचा धबधबा बघायला निघायचं ठरलं, तेव्हा तात्यांनी पहिलंच विचारलं, ‘पाणी कुणाच्या वाटणीचं हाय त्ये?’

रेल्वेनं सोलापूर, पुढं एस.टी.नं पन्नासेक किलोमीटर. आत्यानं शेंगाचटणी, कडक भाकरी आणि कुंकवाची पुडी घेतली. केमसारख्या कुंकवाच्या गावची बाई पुडीशिवाय वेस ओलांडत नाही.

नळदुर्गचा किल्ला आणि शेजारचा रणमंडळ किल्ला यांच्या मधोमध आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमच्या काळी, बोरी नदीवर दगडी बंधारा घातला. त्याच्या पोटात पाणीमहाल. वरून पाण्याच्या दोन धारा कोसळतात, एक नर, एक मादी. पण नदी भरली तरच. एवढ्या लांब जाऊन कोरडी भिंत बघून आलेले लोक आमच्या नात्यात आहेत. ते ‘किल्ला बघून आलो’ एवढंच सांगतात.

यंदा पाणी होतं. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोर पांढराधोप पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि आपण आत कोरडे ठणठणीत. चारशे वर्षांपूर्वीचे गवंडी, आणि आमच्या नव्या स्लॅबला तिसऱ्या पावसात ओल!

आत्याचा प्रश्न वेगळाच. ‘ह्यातली मादी कंची?’ पाटी कुठं दिसेना. तिथल्या दोघांना विचारलं, दोघांनी दोन दिशांना बोट दाखवलं. मग तिनं दोन्हीकडच्या दगडांना कुंकू लावलं. ‘नराला बुक्का लावला असता, पर आणला न्हाई,’ म्हणाली.

तात्या कठड्याला टेकून गप्प. मला वाटलं, भारावले. जवळ गेलो तर बोटांवर हिशेब चालला होता. ‘मोजलं का रं? कमीत कमी चाळीस एकर ऊस. आन् लोकं नुसतं फोटू काढत्यात!’ किल्ल्यातल्या तोफांच्या उपळी बुरुजावर चढायला त्यांनी साफ नकार दिला. तोफांना पाणी लागत नाही, त्यामुळे त्यांना त्यात गम्य नव्हतं.

परतीच्या एस.टी.त दोघंही डुलक्या घेत होते. सोलापूरचे दिवे दिसायला लागले, तसे तात्या एकदम दचकून उठले आणि माझा दंड धरून म्हणाले, ‘अजून चालूच आसंल का रं त्ये?’