दंड भरला, आता टोरांटो!

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं, कोर्टात दहा हजारांपर्यंतचा दंड भरला, परवाना काही महिने निलंबित झाला, की आपल्याकडे प्रकरण 'मिटतं'. मग नोकरीसाठी कॅनडाचा अर्ज भरायला बसावं, तर 'कधी दोषी ठरला आहात का?' हा एवढासा प्रश्न आडवा येतो. तुम्हाला इथे शिक्षा किती झाली याच्याशी कॅनडाला फारसं देणंघेणं नसतं. तोच गुन्हा तिथे केला असता तर जास्तीत जास्त किती झाली असती, हे तो पाहतो. डिसेंबर २०१८पासून ती कमाल १० वर्षं आहे, म्हणजे गुन्हा 'गंभीर'.

'एकाच चुकीला दोनदा शिक्षा?' हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण व्हिसा हा हक्क नव्हे, यजमानाची परवानगी आहे. शिवाय शिक्षा संपल्यावर ५ वर्षांनी, सुधारल्याचे पुरावे जोडून, दार पुन्हा ठोठावता येतं. 'मग सांगायचंच कशाला?' या अस्सल देशी तोडग्यालाही उत्तर तयार आहे: लपवाछपवी उघडी पडली तर ५ वर्षं प्रवेशबंदी. थोडक्यात, पोलिसाच्या नळीत फुंकलेला श्वास विमानतळापर्यंत पाठलाग करतो. त्या रात्रीची रिक्षा बरीच स्वस्त पडली असती.