खांबपारखी

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूला जी जुनी मराठी घरं उरली आहेत, त्यांतल्या प्रत्येक मोठ्या घरात एक खांबपारखी असतोच. नात्याने तो सगळ्यांचा काका. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, पोट त्याच्याही पुढे. खांद्यावर गमछा, गालात पान, आणि कुठलीही उभी वस्तू दिसली की उजवा हात आपोआप लांबतो. आधी बोटाच्या पेराने टकटक, मग तळवा वरून खाली, मग एका हाताने अर्धी मिठी. शेवटी दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून, शेंड्याकडे बघत निकाल: ‘मानेत जाड आहे.’

विजेचा खांब, मांडवाचा वासा, हॉटेलातला संगमरवरी स्तंभ, कुणालाही या परीक्षेतून सुटका नाही. कार्तिकात पंचगंगेवर आकाशदिव्यांचे बांबू उभे राहतात. भाविक वर टांगलेल्या करंड्यांतले दिवे बघतात, खांबपारखी बांबूची पेरं बघतो. पाहुण्यांना घेऊन सारनाथला गेला, की अशोकस्तंभाच्या बुंध्यापाशी थांबून म्हणतो, ‘घोटाई बघा, आरसा आहे आरसा! फक्त बोंड राहिलं नाही.’ बोंड म्हणजे मल्लखांबाच्या टोकाचा गोळा. सम्राट अशोकाचं बोंड चार सिंहांचं आहे आणि ते समोरच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे, हे पाहुण्यांच्या जरा उशिरा लक्षात येतं.

तो स्वतः खांबावर चढल्याचं पाहिलेलं माणूस मात्र आज हयात नाही. विचारलं तर म्हणतो, ‘गुडघ्यामुळे सोडलं.’ सोडलं म्हणजे कधीतरी धरलं असणार, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

त्याच्या या तोऱ्यामागे इतिहास आहे, आणि तो खोटा नाही. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात सापडतो. पुढे ही विद्या मागे पडली, ती वर काढली दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात येऊन दरबाराला आव्हान देतात, कोवळा बाळंभट ते उचलतो, सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान करतो, माकडांच्या लीला बघून डावपेच शिकतो आणि परत येऊन गुलाबला लोळवतो, अशी आख्यायिका. दादांची परंपरा पुढे काशीत आली. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या आखाड्याचं नाव इथे अजून घेतात. खांबपारखी ही कथा सांगताना माकडांचा भाग जरा हळू आवाजात सांगतो, कारण समोरच्या गच्चीवर त्याच घराण्यातली मंडळी बसलेली असतात आणि मोठ्याने बोललं की चष्मा जातो.

अशा एका घरात पुतणी बंगळुरूहून परत आली. नोकरी घरून करायची, तिथे लागलेला छंदही घरूनच चालू ठेवायचा, असा तिचा बेत. छंद पोल डान्सचा. तिने जेवताना सरळ सांगितलं, ‘मला खोलीत पोल बसवायचाय.’ वडिलांचा घास हातात राहिला. आईने आमटीकडे बघितलं. आजी म्हणाली, ‘आमच्या वेळी मुलींना दोरीचा मल्लखांब देत. त्याआधी म्हणे वेताचा असायचा. हिला खांब हवा तर द्या. झोपाळ्याच्या कड्या आहेतच वर, नाहीतर दोरी टांगा.’

काकांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत या घराने त्यांच्याकडे एकही खांब मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या तोंडून कचोरीच्या दुकानापासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत बातमी पसरली ती अशी, की अमक्यांची मुलगी लोखंडी मल्लखांब करते. या एका वाक्याने पुढची सगळी भांडणं वाचली. गल्लीने माना डोलावल्या. ‘अरे, बाळंभटदादांचं गाव आहे गुरु हे!’ लाकूड असतं तर संस्कृती आणि पोलाद असलं तर बिघाड, हा हिशेब मुंबईच्या सोसायट्यांत चालतो. काशीत घराण्याचं नाव लावलं की धातू कुठला ते कोणी विचारत नाही. मुलीच्या आईवडिलांना जे जमलं नसतं ते काकांच्या अज्ञानाने केलं, आणि माझ्या मते आयुष्यातलं त्यांचं हे सगळ्यात मोठं काम.

आता निवड. पुतणीला काय हवं ते तिला एका ओळीत माहीत होतं: पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, क्रोमचा, हवा तेव्हा स्थिर आणि हवा तेव्हा गरगर फिरणारा, जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबाने बसणारा. काकांनी ती ओळ शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘घाई करू नकोस.’

पहिला आक्षेप जाडीवर. ‘पंचेचाळीस मिलिमीटर? अगं, मल्लखांब मांडीत मावत नाही असा असतो! सागवानाचा नाहीतर शिसवीचा, खाली जाड, वर निमुळता, साडेआठ-नऊ फूट जमिनीवर आणि उरलेला जमिनीत. हा तर पडद्याचा रूळ!’ तिने समजावलं, की मल्लखांबाला मांड्यांची अढी घालायची असते, इथे मुठीत पकड लागते. हात लहान असतील तर चाळीसचा, मोठे असतील तर पन्नासचा. स्पर्धेत पंचेचाळीस चालतो, म्हणून सवय त्याचीच बरी. काकांनी आपली मूठ वळून बघितली. खात्री पटली, पण ती त्यांनी बोलून दाखवली नाही. पारखी लोक खात्री पटल्याचं लगेच सांगत नाहीत, त्याने भाव पडतो.

मग धातू. घामेजल्या हाताला पितळ चांगलं धरतं, हे तिच्या तोंडून निसटलं आणि काका ठठेरी बाजारात पोहोचले. पितळेच्या भांड्यांचा हा बाजार, तिथे नऊ फूट सरळ नळा मागणारं गिऱ्हाईक रोज येत नाही. दुकानदाराने विचारलं, ‘का गुरु, झंडा लगावे के हौ का?’ काका म्हणाले, मुलगी चढणार आहे. दुकानदाराने पान थुंकून अदबीने विचारलं, कुठल्या देवळावर? तिथून काका लोहटियात गेले. लोखंडवाल्याने जिन्याच्या कठड्याचा स्टीलचा नळ दाखवला, दीड इंची, चकचकीत, स्वस्त. काकांनी टकटक केली, कान लावला आणि परत ठेवला. नळ पत्र्याचा निघाला, शिवाय अंगावर जोडाची शिवण होती. खांबाला धरून झोके घेणाऱ्या माणसाची कातडी सोलायला ती शिवण पुरते. एवढ्या एका निकालासाठी मी खांबपारख्याच्या सगळ्या टकटकी माफ करायला तयार आहे.

स्टेनलेस स्टीलचा खांब क्रोमपेक्षा निसरडा, पण निकेलचं वावडं असलेल्यांना सोसणारा, असं कळल्यावर काकांनी घरातल्या सगळ्यांच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ आहे का ते तपासलं. आजीचंही तपासलं. ‘मी कुठे चढतेय रे?’ असं ती म्हणाली, तेव्हा त्यांचं उत्तर होतं, ‘वस्तू एकदाच येते घरात.’ सिलिकॉनच्या वेष्टनाचा खांबही असतो, अंगभर कपडे घालून त्यावर पकड मिळते. हे ऐकून मुलीच्या आईचा चेहरा प्रथमच उजळला. पण त्यावर घसरत उतरता येत नाही, असं पुतणीने सांगितलं आणि तो विषय मिटला.

खरी अडचण वर होती. जुन्या काशीतल्या घरांची छतं चुनारच्या दगडी पट्ट्यांची. तुळयांवर पट्ट्या आडव्या टाकायच्या, त्यांवर चुना-माती, की झाला वरचा मजला. दाबाचा खांब खालून वर रेटा देतो. वरून वजन सोसायला ठेवलेली पट्टी खालच्या रेट्याला कशी वागेल याचा भरवसा नाही, आणि नेमक्या त्या पट्टीवर भाडेकरू मास्तरांची खाट होती. काकांनी जिना चढून मास्तरांना विचारलं, ‘तुम्ही रात्री कुठल्या कुशीवर झोपता?’ मास्तरांना वाटलं भाडं वाढणार.

अखेर मागच्या अंगाची खोली ठरली. ती नंतर बांधलेली, सिमेंटच्या स्लॅबची, मध्ये तुळई. उंची नऊ फुटांना दोन बोटं कमी. घरगुती खांब साधारण साडेसात ते नऊ फुटांत लांब-आखूड होतो, त्याहून उंच छताला जोड घ्यावा लागतो, म्हणजे थोडक्यात वाचलो. फॉल्स सीलिंग असतं तर मात्र तिथे हात जोडून परत फिरायचं, कारण त्याच्या आत आधार द्यायला काही नसतं. खांबाभोवती मोकळी जागा किती हवी हे मोजायला पुतणी टेप घेऊन आली. तिच्याआधी काका जमिनीवर आडवे झाले, डोकं खांबाच्या जागी ठेवून, हात डोक्यावर ताणून, घड्याळाच्या काट्यासारखे फिरत निघाले. तीन वाजता कपाट लागलं, सात वाजता दाराची चौकट. वर बघताना त्यांना पंखा दिसला. पंख्याची जागा बदलली, खांबाची नाही. पडून राहिलेले काका पुढे बराच वेळ उठले नाहीत. गुडघ्यामुळे.

खांब आला तो खोक्यातून. तुकडे वेगळे, स्क्रू वेगळे, सोबत एक वाकडी किल्ली. काकांचं तोंड उतरलं. सागवानी खांब या गल्लीच्या वळणांतून आत येणं अशक्य, म्हणून तो नावेने घाटावर उतरवून पायऱ्यांनी चढवायचा, पुढे हलगी लावायची, हा बेत त्यांनी मनात कधीचा ठरवला होता. इथे एका पोऱ्याने खोकं स्कूटरवर आडवं टाकून आणलं, रस्त्यात बसलेल्या सांडाला वळसा घातला आणि सही मागितली. तरी बसवताना ओळंबा सोडला काकांनीच. दर दोन फेऱ्यांनी ते ‘थांब’ म्हणत आणि एक डोळा मिटत. खांब सुतात उभा राहिला. गणपतीला ठेवावी तशी त्याच्या पायाशी सुपारी ठेवली. पुतणीने ती हळूच बाजूला केली, कारण पायाखाली आली असती. जाड गादी मात्र ठेवली.

रात्री घर झोपल्यावर काका उठले. नवा मल्लखांब कोरडा ठेवत नाहीत, त्याला एरंडेल चोळतात. अढी घालून सरकताना लाकडाने कातडं ओढू नये, म्हणून. काकांनी कोनाड्यातली बाटली काढली आणि हात पोचेल तिथवर, मग स्टुलावर चढून त्याच्याही वर, खांब मनापासून चोळून काढला. गुडघ्याने त्या रात्री तक्रार केली नाही.

पोल डान्सचं शास्त्र याच्या बरोब्बर उलटं. उघड्या कातडीने धातू पकडायचा असतो. त्या दिवशी अंगाला लोशनसुद्धा लावत नाहीत, आणि सुरू करण्याआधी खांब स्पिरिटने पुसून घेतात. पुतणीने सकाळी सगळ्यांना बोलावलं, नमस्कार केला, उडी मारून खांब धरला. पुढे काय झालं हे सांगायला लागलेला वेळ ते व्हायला लागला नाही. ती गादीवर बसलेली होती, दोन्ही हात अजून धरल्यासारखे वर. आजी म्हणाली, ‘छान झालं. पुन्हा कर.’

पुतणीने तळहाताचा वास घेतला आणि काकांकडे बघितलं.

‘काका, तुम्ही याला तेल लावलंत?’

‘अगं, पहिल्या दिवशी लावतातच.’

त्यानंतर दोन दिवस त्या खोलीतून औषधाच्या दुकानासारखा वास येत होता. स्टुलावर उभे राहून काका स्पिरिटच्या बोळ्याने खांब पुसत, पुतणी खालून बोळे देत होती. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्यांनी पेराने टकटक केली, तळवा वरून खाली फिरवला, एक डोळा मिटला.

‘अस्सल आहे गं,’ ते म्हणाले. ‘बघ, तेल मुळीच प्यायला नाही.’