पूरक, कुंभक आणि रेचक

मराठी व्याकरणात पूरकाचे स्थान निश्चित आहे. 'राम राजा झाला' या वाक्यातील 'झाला' हे अपूर्णविधान क्रियापद एकट्याने अर्थ पुरा करू शकत नसल्यामुळे त्याला 'राजा' हे विधानपूरक लागते. 'राम झोपला' म्हटल्यावर मात्र वाक्य तेथेच संपते आणि रामाला आणखी काही चिकटवावे असे कोणाही वैयाकरणास वाटत नाही. आहाराच्या प्रांतात ही शिस्त पाळली जात नाही. तेथे वरण, भात, भाजी, भाकरी, कोशिंबीर आणि ताक असे वाक्य यथासांग पूर्ण झाल्यानंतरही, लोणच्याच्या बरणीला खेटून उभ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतून एक पूरक बाहेर येते आणि पूर्णविरामाच्या पुढे जाऊन बसते.

या घोटाळ्याचा काही दोष 'जीवनसत्त्व' या शब्दाकडे जातो. शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारी, पण आहारातूनच मिळवावी लागणारी जी द्रव्ये, त्यांना काझिमिर फुंक यांनी १९१२ साली 'जीवनाला आवश्यक अमाइन' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे ही सर्वच द्रव्ये अमाइन, म्हणजे एका विशिष्ट जातीची नायट्रोजनयुक्त संयुगे, नाहीत असे दिसून आल्यावर इंग्रजीला आपल्या शब्दाच्या शेपटीचे एक अक्षर छाटून वेळ मारून न्यावी लागली. मराठीने अमाइनच्या भानगडीत न पडता 'जीवनसत्त्व' म्हटले आणि ती नामुष्की टाळली. परंतु सत्त्व म्हटले की ते कधी जास्त होऊ शकते ही कल्पनाच मराठी मनाला शिवत नाही.

वास्तविक शरीराचा या बाबतीतला व्यवहार प्राणायामाच्या परिभाषेत चांगला सांगता येतो. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, तो कोंडून धरणे म्हणजे कुंभक आणि बाहेर सोडणे म्हणजे रेचक. 'क' आणि बहुतेक 'ब' जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असल्यामुळे गरजेपुरती ठेवून उरलेल्यांना मूत्रपिंडे वाटेला लावतात, म्हणजे येथे पूरकानंतर बहुधा थेट रेचकच होतो. गोळीतील 'ब-२' हे मुळातच पिवळे असल्यामुळे आपल्या पैशाचे काय झाले, हे गोळी घेणाऱ्याला काही तासांतच भडक रंगात पाहायला मिळते, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत गोळीचा नजरेस पडणारा परिणाम पुष्कळदा एवढाच असतो. लायनस पॉलिंग या दोन नोबेल पारितोषिकांच्या मानकऱ्याने १९७० साली 'क' जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिले आणि स्वतःही ते दररोज कित्येक ग्रॅम घेतले. पण सर्दीने नोबेलचा मुलाहिजा ठेवला नाही, कारण नियमित 'क' घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांची सर्दी फार तर थोडी लवकर आटोपते, टळत नाही, असेच पुढील चाचण्यांतून दिसले.

'अ' आणि 'ड' मेदात विरघळतात आणि शरीरात साठून राहतात; त्यांचा सगळा भर कुंभकावर. 'ड'ची साठ हजार युनिटांची पुडी डॉक्टर आठवड्यातून एकदा, काही आठवडेच, दुधातून घ्यायला सांगतात. व्रताला निदान उद्यापन असते. या पुडीला ते नसल्यामुळे घराघरांतून ती वर्षानुवर्षे चालू राहते, आणि साठा फारच वाढला तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो.

तथापि काही शरीरे खरोखरच अपूर्णविधान असतात, आणि त्यांच्यासाठी पूरक हा चैनीचा प्रश्न राहत नाही. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिकेने १९२८ नंतर मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या, रक्तक्षयाचा अभ्यास करताना यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले, आणि त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे आज गर्भधारणेच्या आधीपासूनच दिले जाणारे फोलिक आम्ल होय. 'ब-१२' तर वनस्पती तयारच करीत नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि दूध, अंडी, मासे, मांस यांच्या मार्गाने ते माणसापर्यंत पोहोचते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने जवळपासच्या गावांतील गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात पुष्कळ जणींमध्ये हेच कमी आढळले. ज्या घरात चौघांचा चहा आणि विरजण एका लिटरच्या पिशवीत भागते, तेथे दुधावर विसंबलेल्या शाकाहाऱ्याची ही उणीव पालेभाजीच्या कितीही जुड्यांनी भरून निघत नाही.

लोहाची कथा अधिक करुण आहे. वनस्पतिजन्य लोह आतड्यात सहजासहजी शोषले जात नाही. लिंबातील 'क' जीवनसत्त्व त्याचे रूप पालटून ते शोषणयोग्य करते, म्हणून पोह्यांवर फोड पिळणाऱ्या आजीने जैवरसायनाचा एक पाठ नकळत गिरवलेला असतो. परंतु चहातील टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारी द्रव्ये, त्याच लोहाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे बशी रिकामी होण्याआधीच पुढे येणारा कप लिंबाने कमावलेले बरेचसे वाया घालवतो. शेवटी रक्त कमी भरते, डॉक्टर लोहाची गोळी लिहून देतात, चिठ्ठीवर 'नाश्त्यानंतर' अशी स्पष्ट सूचना करतात, आणि चहा झाल्याशिवाय नाश्ता संपला असे महाराष्ट्रात कोणी मानत नसल्यामुळे ती गोळी शेवटच्या घोटाबरोबर गिळली जाते.