बंदोबस्ताचं बिल वऱ्हाडानं भरलं

१९८९च्या डिसेंबरात अमेरिकी फौजा पनामात उतरल्या आणि तिथला सत्ताधीश नोरिएगा याला अमली पदार्थांच्या खटल्यासाठी उचलून घेऊन गेल्या. २०२५च्या सप्टेंबरपासून अमेरिकेनं कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या संशयावरून बोटी माणसांसकट उडवणं सुरू केलं. "असंच पाहिजे!" म्हणणारे आपल्याकडेही निघतात. वाशिमकरांनी तरी तसं म्हणू नये. बंदोबस्ताला आलेली परकी फौज काय करते, हे वऱ्हाडानं पेंढाऱ्यांच्या वेळी पाहिलंय.

पेंढारी लुटारूच होते. त्यांनी वऱ्हाड नागवला, यात वाद नाही. १८१७-१८ मध्ये कंपनी सरकारनं त्यांचा निकाल लावला. पण फौज एकदा उभी राहिली की तिला पुढचा शत्रू लागतो. तो सापडला हटकर नाईकांत. नोवसाजी नाईकाशी मेजर पिटमनच्या फौजेची उमरखेडला लढाई झाली. (इंग्रजांनी पुढे वाशिम जिल्हा केला, तेव्हा पुसदसकट तो मुलूख त्यातच होता.) नाईक नोव्हाच्या गढीत शिरला. जानेवारी १८१९ मध्ये तोफा डागून, सुरुंग लावून गढी फोडली. आतली अरब शिबंदी पाचशेच्या आसपास होती. तिच्यातले बहुतेक कापले गेले. नोवसाजीला हैदराबादला नेलं, तो तिथंच वारला. कंपनीच्या कागदांत तो बंडखोर, हटकरांच्या लेखी वीर.

पिटमनची ही फौज नावाला निजामाची. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. वाशिमला लागून असलेल्या हिंगोलीत तिची छावणी होती. पेंढारी संपले, नाईक मोडले, तरी ही फौज काही हलली नाही. पगार थकत गेले, कर्ज चढत गेलं. २१ मे १८५३ रोजी कंपनीनं तहावर निजामाची सही घेतली आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. काळ्या मातीतला कापूसही त्याबरोबर आयताच हाती आला. रयतेला कुणी विचारलं नाही.

आणि नशेचं म्हणाल, तर हीच कंपनी पाटणा-गाझीपूरला अफू तयार करून लिलावात विकत होती. व्यापारी ती चोरट्या वाटेनं चीनमध्ये उतरवत. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशूनं अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, तर इंग्रजांनी चीनवरच आरमार धाडलं आणि हाँगकाँग पदरात पाडून घेतलं. नशा कुणाची रोखायची आणि कुणाची विकायची, हे तोफा ज्याच्या, तोच ठरवत होता.

अमली पदार्थ घरं उद्ध्वस्त करतात. विकणाऱ्याला पकडा, खटला चालवा, तुरुंगात टाका. ते काम त्या त्या देशाच्या पोलिसांचं आणि न्यायालयाचं. परक्या फौजेच्या हाती ते दिलं, तर ती परत कधी जाणार आणि खर्च कुणाच्या माथी मारणार, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवेत. निजामाला वऱ्हाड परत मिळाला नाही. १९०२ मध्ये इंग्रजांनी तो वर्षाला २५ लाखांच्या खंडानं कायमचा लिहून घेतला.