ॲडमिनकाका

प्रत्येक ईमेल गटाला एक काका लागतो. आमचे काचीगुड्याचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा शिक्का आणि स्टँप पॅड मागे राहिलं, म्हणून त्यांनी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा गट काढला. आता गटातल्या प्रत्येक पत्राच्या विषयाआधी चौकोनी कंसात गटाचं नाव लागतं आणि खाली नऊ ओळींची तळटीप: नियम, काकांचा हुद्दा, 'शुद्धलेखन पाळावे' आणि शेवटी 'लोभ असावा'. पत्र कुणाच्या तेराव्याचं असलं तरी लोभ असावाच.

असं सुखात चाललं होतं. एप्रिल २०१४मध्ये याहूने 'डीमार्क'चं धोरण कडक केलं. आमच्या नावाने आलेलं पत्र आमचंच आहे हे पटलं नाही तर सरळ नाकारा, असा जगाला हुकूम. मागोमाग एओएलनेही तेच केलं. बनावट पत्रं रोखायची होती, हेतू रास्तच. पण याहूवाल्या मावशी गटाला लिहीत आणि गटाचा सर्व्हर ते पत्र मावशींच्याच नावाने घरोघर धाडी. धाडणारा सर्व्हर याहूचा नव्हे, म्हणजे एक ओळख गेली. दुसरी ओळख 'डीकिम', म्हणजे पत्राला लागणारी डिजिटल सही. मजकूर बदलला की ती जुळत नाही, आणि इथे तर काकांच्या नऊ ओळी. पत्र परत!

बरं, परत आलेल्या पत्रांचा हिशेब गटाचं सॉफ्टवेअर ठेवतं आणि फार झाली की ज्याच्या दारातून ती फिरली त्याचंच नाव बंद करतं. लिहिलं मावशींनी, गटाबाहेर गेले न्यू जर्सीचे जीमेलवाले गृहस्थ! त्यांचा फोन आला, "काका, गणपतीच्या वर्गणीचं मनात ठेवलंत होय?"

"वर्गणी राहिलीच आहे," काका म्हणाले, "पण तो विषय वेगळा."

परत आलेलं प्रत्येक पत्र काका छापून फाइलला लावत. नकाराच्या ५५० या आकड्याखाली लाल शाईने रेघ आणि समासात शेरा: 'खुलासा मागवावा'. कुणाकडून, ते लिहिलेलं नसे.

हायटेक सिटीतल्या पुतण्याने इराणी चहावर बसवून समजावलं, "काका, तळटीप काढा, विषयाला हात लावू नका. सही शाबूत राहील."

"नक्को रे बाबा! मग गट चालवतंय कोण, हे कळायचं कसं?"

शेवटी पाठवणाऱ्याच्या जागी गटाचाच पत्ता टाकायचं ठरलं. काकांना ही सोय एकदम पसंत. त्यांनी उत्तराचा पत्ताही गटाचाच ठेवला. पत्रं पोचू लागली, जरा जास्तच पोचू लागली. एका वहिनींनी बहिणीला म्हणून लिहिलेलं 'पुरणपोळ्या विकतच्या होत्या गं' पुरणपोळ्या वाढणाऱ्या घरासकट सगळ्यांनी वाचलं. काकांनी त्यात शुद्धलेखनाची एक चूक दाखवली.

२०१९मध्ये 'आर्क' आलं. पत्र येताना खरं होतं, अशी ग्वाही मधल्या सर्व्हरने सोबत जोडायची. मानायची की नाही, ही घेणाऱ्याची मर्जी. काकांनी पहिला अर्धाच भाग ऐकला. "म्हणजे माझा शिक्का!"

फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने रोज ५,०००हून अधिक पत्रं धाडणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं. आमच्या गटाची दिवाळीतली मजलही तिथवर जात नाही. काकांनी मात्र तो नियम छापून घेतला, 'आपणांस आलेले पत्र' या सदरात फाइलला लावला आणि पोच देण्यासाठी जीमेलचा पत्ता शोधायला पुतण्याला बसवलं.